गृहलक्ष्मी सासूच्या खात्यावर, अंथरूण सुनेच्या अंगावर

अनगोळकर
परवा आमच्या बेळगावातल्या गल्लीच्या ग्रुपवर एका सन्माननीयांनी लांबलचक पोस्ट टाकली. सार असं: कर्नाटक सरकार घरच्या मुख्य बाईला देतं ते गृहलक्ष्मीचे महिना 2000 घरबसल्या, म्हाताऱ्यांना पेन्शन, बायकांना बस फुकट, 200 युनिटपर्यंत लाईट माफ, आणि तरी आमच्या लोकांना आईबाप जड झालेत. पूर्वी सरकार दमडी देत नव्हतं, तरी घराघरात म्हातारी माणसं सुखानं गेली. खाली अंगठ्यांची रांग. तिथं बोललो असतो तर भांडण घरापर्यंत आलं असतं, म्हणून इथं लिहितोय.

माझ्या वडिलांची उजवी बाजू लकव्यानं गेली आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून खाली टॉवेलची गुंडाळी द्यायची, रात्री टॉर्च मारून कंबरेखालची कातडी बघायची. लाल दिसली की समजायचं, जखम होणार. हे सगळं माझी बायको करते, मी उद्यमबागला शिफ्टमध्ये असतो. आता तिच्यासाठी सरकारात काय आहे ते सांगा. संध्या सुरक्षाचे, म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनचे, 1200 वडिलांचे. अपंगत्वाचं पेन्शन काढलं तरी तेही वडिलांचं. सांभाळणाऱ्याच्या नावानं 2024-25 च्या बजेटात महिना 1000 जाहीर झाले, ते सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या चार आजारांपुरते. लकवा त्यात नाही, विसरभोळेपणाचा आजार नाही.

आणि मला पैसे नकोतच. आठवड्यातनं एक दुपार कुणी जाणतं माणूस येऊन बसलं तर बायको स्वतःची दाढ दाखवून येईल. त्याचा फॉर्म कुठल्या खिडकीवर मिळतो, ते त्या सन्माननीयांनी सांगावं.

निवृत्त_हेडमास्तर
ती पोस्ट माझीच. नाव घ्यायला लाजू नका. एक शब्द मागे घेणार नाही. आमच्या मातोश्री शेवटची काही वर्षं अंथरुणावर होत्या, आमच्या घरात कुणी ‘खिडकी’ शोधली नाही.

सोयी नाहीत म्हणता, वाचन किती आहे? 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. मुलगा बघत नसेल तर एसी (असिस्टंट कमिशनर) ऑफिसात अर्ज करायचा, महिना 10,000 पर्यंत पोटगी लावता येते. 14567 ही हेल्पलाइन आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना केंद्रानं 2024 मध्ये आयुष्मानमध्ये 5 लाखांपर्यंत उपचार जाहीर केलेत, उत्पन्नाची अट नाही. आपल्या माणसांना व्हॉट्सॲपवर दिवसभर गुड मॉर्निंग पाठवायला वेळ आहे, सरकारी अर्ज द्यायला नाडकचेरीत जायला नाही.

अनगोळकर
सर, पोटगीचा कायदा न सांभाळणाऱ्यांसाठी आहे. मी सांभाळणाऱ्यांबद्दल विचारलं. वडिलांनी माझ्यावर केस घालावी असं सुचवताय का?

येळ्ळूरची_सून
हेडमास्तर, मातोश्रींचं अंथरूण धूत कोण होतं? तुम्ही की बाई?

निवृत्त_हेडमास्तर
प्रश्न वैयक्तिक आहे. उत्तर देणार नाही.

येळ्ळूरची_सून
मिळालं उत्तर.

आता माझं ऐका. सासरे पडून आहेत. नाकातल्या नळीतनं पेज घालण्यापासून लघवीची पिशवी रिकामी करण्यापर्यंत सगळं माझ्याकडं. गृहलक्ष्मी सासूबाईंच्या खात्यावर, कारण रेशनकार्डावर घरच्या मुख्य त्याच. ते 2000 जातात धाकट्या दिराच्या गाडीच्या हप्त्याला. डायपर मी माझ्या शिलाईच्या पैशातनं आणते. सरकारच्या हिशेबात आमच्या घरातल्या बाईला मदत पोचली. कुठल्या बाईला, ते कोण विचारतंय?

उचगाव_फाटा
ह्याचं मूळ 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात आहे. कार्डावर घरातली अठराच्या वरची सगळ्यात थोरली बाई कुटुंबप्रमुख धरायची. पुरुषाच्या हातातनं कार्ड काढून घ्यायला तेव्हा ते बरोबरच होतं. कर्नाटकनं 2023 मध्ये गृहलक्ष्मी त्याच कार्डाला जोडली आणि प्रत्येक घरात सासू-सुनेची फाईल उघडली. योजना आली तेव्हा महिला-बालकल्याण खात्याच्या मंत्री आपल्या बेळगाव ग्रामीणच्याच, लक्ष्मी हेब्बाळकर. पुढच्या वेळी मत मागायला आल्या की विचारा.

शहापूरची_सासू
थांबा जरा. सासवांना चोर ठरवायच्या आधी एका सासूचं ऐका. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मागात कांड्या भरल्या. मजुरी कायम नवऱ्याच्या हातात. सासू आजारी होती तेव्हा तिचं सगळं केलं, तेव्हा मला कुणी दोन हजार दिले? आता म्हातारपणी पासबुकावर पहिल्यांदा माझं नाव आलं, तर ते पण सुनेला द्या? तुमच्या सासूबाई हप्ता भरतात ते चुकलं असंल, पण म्हणून माझं नाव काढू नका.

येळ्ळूरची_सून
तुमचं नाव कोण काढतंय मावशी? सेवा जिच्या अंगावर तिला वेगळं द्या म्हणतेय.

शहापूरची_सासू
वेगळं कुठनं येणार? सरकारच्या बापाचं आहे का? शेवटी माझ्यातलंच कापणार.

निपाणीकर_सीमावासी
सगळे मूळ मुद्दा विसरताय. आपण 1956 पासून चुकीच्या राज्यात बसलोय. अर्ज कन्नडात, पावती कन्नडात, वेबसाईट कन्नडात. महाराष्ट्रानं 2023 मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना 865 सीमागावांना लागू केली तर इथल्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या पोटात दुखलं. सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो निकाली लागला की हे प्रश्नच उरणार नाहीत.

मार्केट_यार्ड
आला सीमाप्रश्न! साहेब, चंदगडात लकवा झालेल्या माणसाची कूस काय महाराष्ट्र सरकार येऊन बदलतंय? माझी बहीण तिकडं दिलेली आहे. लाडक्या बहिणीचे 1500 मिळतात, ते पण अंथरुणावरच्या माणसाला धरून नाहीत. इथं 2000, तिथं 1500. दाढ दोन्हीकडं दुखतेच. आणि इतकी वर्षं इथं राहून कन्नड वाचता येत नसेल तर तो दोष बेंगळूरचा नव्हे.

निपाणीकर_सीमावासी
तुम्ही कुणाचे हस्तक आहात ते कळलं. घटनेचं 350 वं कलम वाचा. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क आहे.

मार्केट_यार्ड
हस्तक? माझे वडील महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मोर्चात लाठ्या खाऊन आलेत. जपून बोला.

उचगाव_फाटा
कलम बरोबर आहे. मी एकदा मराठीत अर्ज दिला, घेतला. उत्तर कन्नडात आलं, ते शेजारच्या पोरानं वाचून दाखवलं. पण तुम्ही दोघं दुसरा धागा काढा. इथं रेशनकार्डावर बोलणं चाललंय.

जांबोटी_रोड
इथं रेशनकार्डावर पण बोलणं चाललेलं नव्हतं, सांभाळणाऱ्यांवर चाललेलं होतं. असो.

माझा मुलगा सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे अनगोळकरांनी लिहिलेल्या चार नशीबवान आजारांतला. त्या हजारासाठी अर्ज दिलाय. पोच आहे, पैसे नाहीत. त्याला अठरा पूर्ण झाली तेव्हा नवीनच कळलं की कायद्यानं तो आता सज्ञान आणि मी त्याची कुणी नाही. बँकेत त्याच्या नावच्या खात्याला पालकत्वाचा कागद मागितला. तो 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या समितीकडनं काढायचा असतो, डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, तिचे अध्यक्ष. ज्यांची मुलं सोळा-सतराची आहेत त्यांनी आत्ताच कागद गोळा करा. त्याच ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, 1 लाखापर्यंत. थेरपीचे पैसे पण त्यात धरतात.

आणि ग्रामपंचायतीच्या निधीतले 5 टक्के अपंगांसाठी असतात, हे पीडीओ, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, आपणहून सांगत नाहीत. आमच्या पंचायतीत अपंगांसाठी नेमलेला पुनर्वसन कार्यकर्ता होता, तो चांगला होता म्हणून मला कळलं. फुकट बसचं म्हणाल तर खुर्चीवरचं पोर बघून ड्रायव्हर स्टॉपच्या पुढं नेऊन थांबवतो. शून्याचं तिकीट हातात घेऊन मी मागनं पळायचं.

निवृत्त_हेडमास्तर
बघा, या ताईंनी माहिती काढली, मिळाली. मी हेच म्हणत होतो.

जांबोटी_रोड
सर, माहिती काढायला गेले तेव्हा पोराजवळ माझी आई बसली होती. ती गेल्यावर माहिती काढणं पण बंद झालं.

अनगोळकर
ह्याच्यापुढं मी काय लिहू? पंचायत रोजगार हमीवरच्या बायकांच्या पोरांसाठी ‘कूसिन मने’ पाळणाघरं काढू शकते, चांगली गोष्ट आहे, 2023 मध्ये 4000 पंचायतींसाठी जाहीर झाली. मग गावात दोन बायकांना शिकवून अंथरुणावरच्या माणसाजवळ बसायला पाठवणं का जमू नये? 2016 च्या अपंग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. म्हणजे सांभाळणारं माणूस लागतं हे दिल्लीला कळलंय. ते दोन तास मोकळं व्हायला हवं, हे कुणालाच कळलेलं नाही.

मार्केट_यार्ड
बोलायला सोपं. परक्या बाईला घरात बसवून तुमची बायको दवाखान्यात गेली आणि कपाट उघडं सापडलं तर परत इथंच धागा काढाल.

येळ्ळूरची_सून
आमच्या कपाटात डायपरच आहेत. न्या म्हणावं.

बरं उचगाववाले, वेगळं कार्ड काढता येतं का?

उचगाव_फाटा
येतं, पण चूल वेगळी दाखवावी लागते. एका घरात राहून, त्याच सासऱ्यांना पेज भरवून चूल वेगळी कशी दाखवणार? तपासणीला माणूस आला तर काय सांगाल? शिवाय नवीन कार्डाचं पोर्टल कायम उघडं नसतं. बीपीएल आहे ते पण घालवून बसाल.

निपाणीकर_सीमावासी
म्हणजे मदत हवी तर घर फोडा. वा रे सरकार. महाराष्ट्रात असतो तर…

मार्केट_यार्ड
तिथं पण कार्डावर थोरलीच बाई असते. कायदा केंद्राचा आहे, दादा.

निवृत्त_हेडमास्तर
आमच्या सौ.नी हा धागा वरपासून खालपर्यंत वाचला. येळ्ळूरच्या ताईंच्या पहिल्या प्रश्नाला त्यांनी उत्तर द्यायला सांगितलंय: बाई. आता या मोठ्या शोधाबद्दल सर्वांनी माझा जाहीर सत्कार करावा. आपल्या लोकांचा आळस हा मुद्दा मात्र कायम आहे.

शहापूरची_सासू
माझ्या सुनेनं पण वाचलं. निम्मे मागते. हजार दिले म्हणा, कटकट नको. पण पुढच्या महिन्यात तिच्या भावाचं लग्न आहे, आहेर त्यातनंच करायचा, हे ठरलं.

येळ्ळूरची_सून
मावशी, म्हणजे तुम्ही काहीच दिलं नाही.

शहापूरची_सासू
दिले की. जाऊन विचार तिला.