दोन मुलं, एकच पुस्तक: वय कुणाचं धरायचं?

शाईपेन
घरात मुलगी नऊ वर्षांची, मुलगा नुकताच चार पूर्ण. रात्री झोपण्याआधी अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवायचं, हा नेम मोठी दीड वर्षांची असल्यापासूनचा. धाकटा गोष्टी ऐकायला लागला आणि नेमाची घडी विस्कटली. चित्रांचं पुस्तक काढलं की मोठी "बाळांचं आहे" म्हणत भिंतीकडे तोंड करते. तिची कादंबरी काढली की तिसऱ्या मिनिटाला धाकटा उलटा होतो, पाय भिंतीला लावतो आणि उशीचा अभ्रा काढायला घेतो.

सहा महिने दोन्ही करून पाहिलं. आता माझं मत बनलंय आणि त्यावर भांडायचीही तयारी आहे: पुस्तक एकच घ्यावं, आणि ते मोठीच्या वयाचं घ्यावं. स्वतः वाचून जेवढं कळतं त्याच्या कितीतरी पुढचं मुलांना ऐकून कळतं. मोठ्याने वाचून दाखवण्यावर वर्षानुवर्षं लिहिणारे जिम ट्रेलीज म्हणायचे की वाचून कळणं आणि ऐकून कळणं साधारण आठवीच्या सुमारास बरोबरीला येतं. तोवर कान पुढे. मग धाकट्यासाठी पुस्तक खाली का उतरवायचं? सगळं कळलंच पाहिजे असं कुठे आहे? मोठ्यांच्या गप्पा अर्धवट कळत असतानाच आपण सगळे भाषा शिकलो.

उंबरठा
असहमत. ट्रेलीज यांचा मुद्दा एकाच मुलाच्या दोन पातळ्यांचा आहे: त्याचं वाचन आणि त्याचं ऐकणं. त्यावरून चार वर्षांच्याला नऊ वर्षांचीची कादंबरी झेपेल हे कसं निघालं?

अवघड शब्दांचं मला एवढं वाटत नाही, ते सांगता येतात. अडतं वेगळ्याच ठिकाणी. १९८३ मध्ये विमर आणि पर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक प्रसंग सांगितला. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. मागे त्याची आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. तो परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं हमखास चॉकलेट खरंच आहे ते कपाट दाखवतात. मुलाला हे ठाऊकच नाही, ही गोष्ट ध्यानात यायला साधारण चौथं वर्ष उजाडतं, आणि तेव्हाही ती डळमळीतच असते.

आता मोठ्या मुलांच्या कादंबऱ्या आठवून बघा. वेषांतर, लपवलेली चिठ्ठी, खोटं बोलणारा काका. कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला नाही, यावरच सगळा खेळ. तो कळला नाही तर धाकट्याला नुसती माणसं येताजाताना दिसतात. त्याने अभ्रा काढू नये तर काय करावं!

शाईपेन
पण माझा चार पूर्ण आहे हो. परवा गोष्टीतल्या पोराला "तिकडे नको जाऊस!" म्हणून ओरडला की.

उंबरठा
ते तुमच्या आवाजामुळे. तुम्ही किराणामालाची यादी त्या आवाजात वाचलीत तरी ओरडेल.

तिरकस
मला वेगळाच प्रश्न पडलाय. चित्रांचं पुस्तक बाळांचं असतं, हे मोठीला सांगितलं कुणी? बहुतेक आपणच. "आता तू मोठी झालीस, जाड पुस्तक वाच."

हेज आणि अहरेन्स यांचं १९८८चं काम बघा. इंग्रजीवरचं आहे, पण बोलकं आहे. मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांत विरळा वापरले जाणारे जवळपास ३१ शब्द सापडले. शिकलेली मोठी माणसं आपसात गप्पा मारतात त्यात १७. तेव्हा मुलांच्या पुस्तकाला कमी लेखू नका. धाकट्याचंच पुस्तक काढा, मोठीचंही नुकसान नाही.

शाईपेन
तिरकस, त्याच तक्त्यातली शेजारची ओळ गाळलीत! ३१चा आकडा शाळकरी मुलांच्या पुस्तकांचा आहे. शाळेआधीच्या वयाच्या पुस्तकांचा १६ आहे, म्हणजे गप्पांपेक्षा किंचित कमीच. हा दाखला माझ्या बाजूचा झाला. आभारी आहे.

तिरकस
बरं, आकडा तुमचा. भिंतीकडे तोंड का केलं ते तरीही तुम्ही सांगितलं नाहीत.

दोनवेण्या
मी घरातली थोरली. लहानपणी बाबा वाचून दाखवायचे आणि ठरलेलं वाक्य असायचं, "हा झोपला की तुझं वाचू." धाकटा झोपायचा, आणि त्याच्यासोबत बाबाही. पुस्तक त्यांच्या छातीवर उघडं. मी ते हळूच काढून घ्यायचे आणि उरलेलं स्वतः वाचायचे. सगळे म्हणायचे, बघा कशी वाचनाची गोडी लागली. गोडी कसली, वैताग होता तो.

म्हणून एकच पुस्तक, मग ते कुणाच्याही वयाचं असो, मला पटत नाही. मोठीला तिच्या वयाचं पुस्तक हवं आहे हे खरंच, पण त्याहून जास्त तिला वाचणारं माणूस एकटीसाठी हवं आहे. आठवड्यातून दोन रात्री का होईना, धाकट्याशिवाय.

रातवा
दोन वाचनं म्हणजे दहा वाजतात. सकाळी उठवायला कोण येणार?

दोनवेण्या
सकाळी वाचा. वाचन रात्रीच व्हायला हवं असा काही कायदा नाही. मी आता मोठ्याला तयार होताना वाचून दाखवते, एका वेळी चार पानं. तो मोजे घालतो, मी वाचते. एक मोजा घालायला चार पानं लागतात हा भाग निराळा.

खारीचा वाटा
शाईपेन, तुमची पद्धत आम्ही वर्षभर चालवली. मुलं पाच आणि दहा वर्षांची. मोठ्याच्या कादंबरीत मध्यावर कुत्रा मरतो. मोठा रडला, नाक पुसलं, "पुढे?" म्हणाला. धाकटी गप्प. पुढे दोन आठवडे झोपण्याआधी ते पुस्तक खोलीबाहेर ठेवलंय ना, हे ती स्वतः उठून बघून यायची. नुसतं मिटून ठेवलेलं चालायचं नाही, वर दुसरं जाड पुस्तक ठेवायचं. आतून काहीतरी बाहेर येईल असं तिला वाटत असावं.

कळलं नाही तर मूल कंटाळतं, इतकं सोपं नाही. कधी कधी अर्धंच कळतं, आणि ते अर्धं भलतंच असतं.

शाईपेन
तेवढा भाग वाचता वाचता गाळायचा.

खारीचा वाटा
गाळून पाहिला. पांघरुणातून मोठ्याचा आवाज आला: "आई, तू पान उलटलं नाहीस, दोन उलटलीस."

खिडकीपाशी
वर सगळे वयावर भांडताय. पुस्तक निवडताना मी वय बघतच नाही, बांधणी बघतो. माझ्याकडे तीन मुलं आहेत, सर्वांत मोठा अकरा आणि सर्वांत धाकटी तीन, त्यामुळे मधलं वय धरायचं म्हटलं तर नक्की कुणाचं धरणार?

पहिली गोष्ट: प्रकरण त्याच रात्री संपलं पाहिजे. पात्रं तीच, पण रोजची भानगड नवी. काल काय झालं ते आठवायची गरज नसली की लहान मूल टिकतं, आणि मोठ्याला ओळखीची माणसं पुन्हा भेटल्याची मजा मिळते. दुसरी: मुख्य पात्र थोडं बावळट हवं. लहानांना ते आपल्यासारखं वाटतं, मोठ्यांना आपल्याहून बावळट. हसायची जागा एकच, कारणं दोन. तिसरी: परत परत येणारी एखादी ओळ. ती धाकटीची. ती ओळ आमच्याकडे दुसरं कुणी म्हणत नाही, म्हटली तर मारामारी होते.

आणि घेण्याआधी एक पान उभ्याने, मोठ्याने वाचून बघतो. एका वाक्यात तीनदा श्वास घ्यावा लागला तर पुस्तक परत कपाटात. कितीही छान असेना, ते डोळ्यांसाठी लिहिलेलं आहे.

चित्रांच्या पुस्तकांबद्दल तिरकस यांच्याशी सहमत, कारण मात्र वेगळं. ती पुस्तकं बहुधा ३२ पानांची असतात. छपाईच्या मोठ्या कागदाला घड्या पडून सोळा-सोळा पानांचे जुडगे होतात, त्यामुळे हा आकडा. एवढ्याशा जागेत पान उलटणं हाच गोष्टीचा धक्का असतो. त्यातही काही पुस्तकांत मजकूर एक सांगतो आणि चित्र दुसरंच. मजकूर म्हणतो सगळं शांत होतं, आणि चित्रात मांजर पडद्यावर चढलेलं. ती विसंगती पकडायला अकरा वर्षांचाच लागतो. त्याला मी पान उलटायचं काम दिलंय. भिंतीकडे तोंड करून पान उलटता येत नाही.

उंबरठा
मजकूर शांत, चित्रात गोंधळ: ही तर माझ्या चॉकलेटच्या कपाटाचीच सोपी आवृत्ती झाली. मजकुराला काय माहीत नाही ते धाकट्याला निदान डोळ्यांनी दिसतं. हे पटलं.

दोनवेण्या
छान आहे, पण मोठ्याला पान उलटायच्या नोकरीवर लावलंत. त्याचं पुस्तक कुठे आहे?

खिडकीपाशी
रविवारी दुपारी. फक्त तो आणि मी, दार लावून. बाकीच्या दोघी बाहेरून ठोठावतात.

शाईपेन
उंबरठा यांचा प्रयोग काल घरी केला. चॉकलेटऐवजी मोजे. मी मोजे खणात ठेवून बाहेर गेले, मोठीने धाकट्यासमोर ते दप्तरात टाकले. "आई कुठे शोधेल?" धाकटा छाती पुढे काढून म्हणाला, "दप्तरात!" मोठी कपाळाला हात लावून, "अरे, पण तिला कुठे माहितीये!" तो म्हणाला, "मला माहितीये ना." पुढची पंधरा मिनिटं ती त्याला समजावत होती, पुन्हा पुन्हा मोजे हलवून. शेवटी त्याने मला बाहेर काढलं आणि स्वतःच मोजे लपवायला लागला.

तर वेषांतरवाली कादंबरी तूर्त मोठीच्या उशाखाली गेली आहे, शनिवारसाठी. चित्रांच्या पुस्तकांवर माझं मन अजून बसत नाही. आणि खिडकीपाशी, तुमच्या तीन श्वासांच्या कसोटीत काल रात्री माझी दोन आवडती पुस्तकं नापास झाली. तिसरं आज.