गार्डनमधलं ते गंजकं शिल्प काढायला सही द्यावी का?

अनगोळकर:
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीच्या गार्डनात एक मॉडर्न शिल्प आणून उभं केलंय, माणसाच्या वर उंचीचे वाकडे लोखंडी पत्रे एकमेकांना टेकलेले, ना पाटी ना नाव, आधी कुणाला विचारलं पण नाही. म्हातारी मंडळी विचारतात ह्याला तोंड कुठाय, पोरं आत लपाछपी खेळतात, आणि पावसात फरशीवर लाल ओघळ आलेत ते वेगळंच. आता काहीजण सह्या गोळा करूलालेत, हे काढा आणि चांगला पुतळा बसवा म्हणून. मला तसं ते वाईट वाटत नाही पण घरात बोललं की सगळे अंगावर येतात. काय करू?

शहापूरचा:
सही करायच्या आधी एवढंच विचार, पुतळा कुणाचा? बेळगावात राहून हे सांगायला पाहिजे काय गा? 2021 च्या डिसेंबरात बेंगळुरात महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली, इकडं तुमच्याच अनगोळात कित्तूरचे वीर संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली, आणि शहरात जमावबंदी. दोघांबद्दल आदरच आहे, पण त्या पत्र्याला ना मराठी येते ना कन्नड, राहू दे की बिचाऱ्याला.

वडगावची सून:
असं कसं दादा, भांडण नको म्हणून काहीही आणून ठेवायचं? घरपट्टी आम्ही भरायची आणि विचारायचं कुणाला नाही. आणि मॉडर्न म्हणजे न कळणारंच असतंय का? शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी 1938 ला संथाळ कुटुंब हे शिल्प केलं, सिमेंट आणि जांभ्याची खडी वापरून, म्हणजे आपल्या खानापूरकडं मिळतो तसलाच दगड. आई, बाप, पोर, कुत्रा, सगळं ओळखू येतंय, तरी मॉडर्नच की ते.

फाउंड्रीवाला:
उद्यमबागेत काम करतो म्हणून सांगतो, आधी पत्रा कसला ते बघा. कॉर्टेन, म्हणजे वरचा गंजच आतलं राखतो तसलं पोलाद, असेल तर गंजाचा थर घट्ट धरतो आणि आतलं लोखंड वाचतं, पण त्याला मधेमधे सुकायला मिळावं लागतं, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर सुकतंय कुठं? पापुद्रे सुटत असतील तर बहुतेक साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील. बुडाला पाणी साचतंय का बघा, निचऱ्याला भोकं पाहिजेत. आणि पोरं खेळतात म्हणता तर पत्र्याच्या कडांवरून हात फिरवून बघा, हे सह्यांपेक्षा अर्जंट आहे.

कॅम्पवाला:
न्यूयॉर्कात असंच झालेलं. शिल्पकार रिचर्ड सेराचं टिल्टेड आर्क नावाचं शिल्प, 1981 ला सरकारी ऑफिसांपुढच्या चौकात 120 फूट लांब, 12 फूट उंच पोलादी भिंत, रोज वळसा घालून जायला लागायचं म्हणून लोक वैतागले. 1985 च्या सुनावणीत ठेवा म्हणणारेच जास्त बोलले, तरी 1989 ला कापून नेलं. उलट शिकागोतलं पिकासोचं 50 फुटी शिल्प, 1967 ला त्याला लोकांनी नावं ठेवली, आता तिथं पोरं घसरगुंडी खेळतात. म्हणजे वाट अडतेय का ते बघा, तोंड नसलं तर चालतंय.

अनगोळकर:
वाट अडत नाही. काल सह्यावाल्यांना शहापूरच्या दादांचा प्रश्न विचारला, पुतळा कुणाचा म्हणून, तर त्यांच्यातच जुंपली, कागद अजून कट्ट्यावरच पडलाय. फाउंड्रीवाले भाऊ, मागच्या बाजूची एक कड खरंच धारदार आहे, ग्राइंडर मारला तर चालतंय काय, की तिथनंच परत गंज धरेल?