बॉयलरच्या राखेच्या विटा झडतात, सिमेंट वाढवू का?

मोशी_ब्लॉक: चाकणच्या कारखान्यातून बॉयलरची राख फुकट मिळतेय. कोळसा जाळीवर जळतो. राख ६०, क्रशर डस्ट (खडी फोडताना निघणारी भुकटी) ३०, सिमेंट १०, सगळं घमेल्याने. हायड्रॉलिक प्रेस. विटा काळपट, कोपरे झडतात, आठवड्यानंतरही एका ठोक्यात दोन तुकडे. सिमेंट वाढवू?

राखाडी: नको. राख घमेल्यात हलकी भरते, त्यामुळे वजनात सिमेंट आत्ताच १० टक्क्यांच्या वर जातंय. दोष राखेचा आहे. औष्णिक केंद्रात कोळसा पिठासारखा दळून जाळतात. धुरातून पकडलेल्या राखेचे काचेसारखे बारीक गोळे चुन्याशी संयोग पावून बांधतात. तुमच्या बॉयलरच्या जाळीखाली पडतो तो क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेले राखेचे खडे, आणि अर्धा जळलेला कोळसा. हा कार्बन पाणी पितो, सिमेंटला पुरू देत नाही. फ्लाय ॲशच्या (धुरातून पकडलेल्या राखेच्या) भारतीय मानकाप्रमाणे, आयएस ३८१२ भाग १, एलओआय, म्हणजे जाळल्यावर घटणारं वजन, ५ टक्क्यांपर्यंतच चालतं. लॅबमधून एवढी एक टेस्ट आधी करून घ्या.

मोशी_ब्लॉक: म्हणजे ही राख फेकायची?

राखाडी: नाही. ४.७५ मिमी चाळणीने चाळा, कोळशाचे काळे तुकडे वेचा, चाळणीवर उरलेला क्लिंकर बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये भरायला द्या. मात्र सळईला लागू देऊ नका. त्यातलं गंधक लोखंड खातं. विटांना नाशिकजवळच्या एकलहऱ्यासारख्या औष्णिक केंद्राची कोरडी फ्लाय ॲश आणा. भाडं जड पडतं, पण तुटलेल्या विटा त्याहून महाग. वजनाने राख ५५, डस्ट ३५, सिमेंट १०. आधी कोरडं मिसळा, मग पाणी थोडं थोडं. मुठीत गोळा टिकला आणि हाताला पाणी सुटलं नाही की बस.

क्युरिंगवाला: आठव्या दिवशी निकाल लावू नका, राखेचा जोर उशिरा येतो आणि पुण्याच्या डिसेंबरात आणखी उशिरा. पहिले २४ तास हलवू नका, मग गोणपाटाखाली निदान १४ दिवस ओल्या ठेवा, २८ दिवसांनी वीट किती दाब सोसते ते तपासा. आणि कारखान्याला विचारा, बॉयलर फ्लुइडाइज्ड बेडचा, म्हणजे खालून हवा फुंकून तरंगत्या थरात कोळसा जाळणारा, तर नाही ना? त्यात चुनखडी घालत असतील तर राखेत मोकळा चुना आणि सल्फेट राहतं. अशी वीट भिंतीत गेल्यावर फुगते आणि गिलावा सोलते.