आईच्या संमतीपत्रावर सही करावी का?

प्रश्न
आईला एका नव्या औषधाच्या चाचणीत घ्यायचं म्हणतायत. बावीस पानी संमतीपत्र हातात दिलंय. डॉक्टर भराभर सांगत होते, आई मान डोलवत होती. घरी येऊन विचारलं तर म्हणाली, "नवं औषध देणार आहेत, जुन्यापेक्षा चांगलंच असणार." मी वाचलं, तर सातव्या पानावर लिहिलंय की निम्म्या रुग्णांना नेहमीचंच औषध मिळेल, आणि कोणाला कोणतं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरेल. आईला हे माहीतच नाही. नाही म्हणावं तर डॉक्टर दुखावतील, पुढचे उपचार नीट होणार नाहीत, अशी धास्ती वाटते.

प्रतिसाद १
सहीची घाई करू नका. कागद घरी ठेवून दोन-चार दिवस विचार करायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रतिसाद २
ताई, मी अकरा वर्षं अशा चाचण्यांमध्ये समन्वयक आहे. सुरुवातीला एका आजोबांची सही मीच घेतली होती. "चष्मा घरी राहिला, तू दाखवशील तिथे करतो," म्हणाले, आणि मी बोट ठेवत गेले. तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, "डॉक्टरांनी माझ्यासाठी कोणतं औषध निवडलं?" कुणीच निवडलं नव्हतं. ती सही मला आजही टोचते. तेव्हापासून मी कागद पालथा ठेवते आणि म्हणते, "आता तुम्ही मला समजावून सांगा." सांगता आलं नाही, तर त्या दिवशी सही नाही.

अमेरिकेतल्या टस्कीगीत 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना "तुमचं रक्त खराब आहे" एवढंच सांगून नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. पेनिसिलिन आलं, तरी त्यांना दिलं नाही. त्यांनाही आपल्यावर उपचारच चाललेत असं वाटत होतं. म्हणून तुमच्या आईचं ते "चांगलंच असणार" मला खटकलं.

धास्तीचं म्हणाल तर, नकार दिला किंवा मधेच बाहेर पडलं तरी रुग्ण आणि डॉक्टरांच्या नात्यावर त्याचा परिणाम होता कामा नये, असं माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाचे नीतिनियम सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यातच आहे. रुग्ण स्वतःच्या डॉक्टरांवर अवलंबून असेल, तर संमती त्या नात्याबाहेरच्या जाणकार माणसाने घ्यावी, हेही त्यात आहे. तशी मागणी बेलाशक करा. आणि कागद आईला तुम्ही वाचून दाखवा, पण उत्तर तिचं तिला देऊ द्या.

प्रश्नकर्ती
काल रात्री सातवं पान वाचून दाखवलं. कोणाला कोणतं औषध ते डॉक्टरांपासूनही झाकलेलं असेल, असंही त्यात आहे. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी कुठलं औषध घेतेय ते डॉक्टरांनाही कळणार नाही? आणि मला काही झालं तर?"

प्रतिसाद २
अगदी नेमका प्रश्न विचारलाय त्यांनी. तातडीची गरज पडली, तर त्या रुग्णाचं औषध कोणतं ते उघड करायची सोय ठेवलेली असते. रात्री-अपरात्री ते कोण उघडणार आणि फोन कुठे करायचा, हे आईंनाच विचारू द्या. नंबर कागदावर लिहून घ्या.