मदत हवी आहे: लिनक्सच्या 'एनएल' कमांडनं दिलेले फक्त क्रमांक मराठी आकड्यांत कसे करायचे?

मंडळी, कागल-राधानगरीकडच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करतोय. उबुंटू (लिनक्स), साध्या यूटीएफ-८ टेक्स्ट फायली. ओळींना क्रमांक द्यायला 'एनएल' वापरतो. रिकाम्या ओळी तो आपणहून सोडतो, फायली एकदम दिल्या की क्रमांक सलग चालतो. इथवर एक नंबर. ('बी ए' ऑप्शन नको, रिकाम्या ओळीही मोजतो.)

पण आकडे इंग्रजी येतात. 'सेड' या मजकूर बदलणाऱ्या कमांडच्या 'वाय'नं (एका अक्षराजागी दुसरं घालतो) बदलले, तर ओवीपुढं लिहिलेली रेकॉर्डिंगची वेळसुद्धा मराठी आकड्यांत जाते. ती इंग्रजीतच पाहिजे, ऑडिओशी ताडायची असते. लिब्रेऑफिस सुचवू नका, ओव्या रोज वाढतायत, स्क्रिप्टच हवी.

एनएल क्रमांकानंतर टॅब टाकतो; त्या पहिल्या टॅबच्या आधीचेच आकडे बदलायला सेडमध्ये काय लिहू, की सरळ 'ऑक' (ओळीचे भाग पाडून काम करणारी कमांड) धरू?