मदत हवी आहे: पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये नाताळगोठा (येशूजन्माचा देखावा), खुर्चीत बसलेल्या आईसाठी

कुपारीण_पुण्यात | २ डिसेंबर

नमस्कार मंडळी,

यंदा आमच्या आईचा नाताळ पहिल्यांदाच वसईबाहेर होणार आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे पुण्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जानेवारीपर्यंत लांबचा प्रवास नको. त्यामुळे ती माझ्याकडेच आहे, चौथ्या मजल्यावर, वॉकर घेऊन हॉल ते बेडरूम अशा फेऱ्या मारत. वय ७४. एकही नाताळ तिने गावाबाहेर काढलेला नाही. तक्रार करायचा तिचा स्वभाव नाही, पण परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "इथं लोक गोठा करतात का गं?"

तेवढं पुरलं मला. भावाला फोन करून गावच्या घरातल्या मूर्ती मागवून घेतल्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आल्या, एकेक मूर्ती आजोबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. मारियामाता, योसेफ, बाळयेशू, तीन राजे, एक मेंढपाळ, गाय, गाढव आणि पाच मेंढ्या. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, साधारण वीतभर उंचीच्या. योसेफाचा उजवा हात मनगटापासून तुटलाय आणि एका मेंढीला पुढचा पाय नाही.

गावी गोठा पडवीत जमिनीवर असतो. गोणपाट चिखलात बुडवून वाळवायचं, की त्याचे डोंगर. वर भाताच्या पेंढ्याचं छप्पर, समोर टोपल्यांत उगवलेला गहू. चोवीसच्या रात्री मिस्सेवरून (चर्चमधल्या प्रार्थनेवरून) आलं की घरातली सगळ्यात मोठी बाई बाळयेशूला गव्हाणीत ठेवते. गेली अकरा वर्षं ते आई करते. आता तिला वाकता येत नाही, जमिनीवर बसणं तर सोडाच. म्हणजे गोठा टेबलावर हवा. पण टेबलावरचा गोठा शोकेससारखा दिसू नये असं फार वाटतं.

बाकीच्या अडचणी अशा. घर भाड्याचं, भिंतीला खिळा मारायचा नाही असं घरमालकांनी स्पष्ट सांगितलंय. गॅलरी उत्तरेकडे, तिथे ऊन अजिबात येत नाही. मागच्या वर्षी हौसेने गहू पेरला होता, तर आठव्या दिवशी बुडाशी पांढरी बुरशी आली आणि आंबूस वास सुटला. दारावर तारा हवा, तो कुठे आणि कशाला टांगू? झाडाचंही ठरत नाहीये. गावी सुरूची फांदी आणायचो, इथे प्लास्टिकचं झाड घ्यायला मन होत नाही.

मूर्तींची दुरुस्ती आणि गहू, ही दोन कामं मला सगळ्यात महत्त्वाची. कोणी केलं असेल तर नीट समजावून सांगा. वेळ तीन आठवडेच आहे.

---

रंगारी | २ डिसेंबर

ताई, मूर्ती पाण्याने धुऊ नका, ओल्या फडक्यानेही पुसू नका. प्लास्टर पाणी पितं आणि जुना रंग पापुद्र्यासारखा सुटतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, घडीतली धूळ काढायला दाढीचा जुना ब्रश उत्तम.

हाताचं असं करा. तुटलेल्या मनगटात बारीक ड्रिल बिट बोटांनीच फिरवून अर्धा सेंटीमीटर खोल भोक पाडा. मशीन लावू नका, प्लास्टर फुटेल. त्यात तांब्याची बारीक तार बसवा, एवढीशी बाहेर ठेवून. त्या तारेवर एम-सीलने (मळून लावायची, नंतर घट्ट होणारी लांबी) हात घडवा. एम-सील मळल्यावर थोडाच वेळ मऊ राहतं, म्हणून हरभऱ्याएवढाच गोळा घ्या. बोटं वेगवेगळी करायच्या भानगडीत पडू नका, मूठ करा, योसेफाच्या हातात काठी देता येईल. बोटाला किंचित पाणी लावलं की गुळगुळीत होतं. दुसऱ्या दिवशी बारीक पॉलिश पेपर आणि मग ॲक्रिलिक रंग. जुन्या रंगाला जुळवायला त्वचेच्या रंगात थोडी गेरूची छटा मिसळा, नाहीतर नवा हात गुलाबी दिसतो आणि तिथेच नजर जाते.

मेंढीच्या पायाला माचिसची काडी आणि वर एम-सीलचा पातळ थर. झालं.

सगळी मूर्ती नव्याने रंगवू मात्र नका. आईंना ते चेहरे ओळखीचे आहेत.

---

कुंडीवाली | ३ डिसेंबर

बुरशीचं कारण बहुतेक दाट पेरणी आणि जास्त पाणी. गहू आठ-दहा तास भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा. मोड नुसता डोकावला की पेरा, लांब होऊ देऊ नका. पसरट ताटलीला खाली भोकं हवीत. भोकं नसतील तर पाणी तळाशी साचतं आणि तिथूनच वास सुरू होतो. दोन बोटं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यावर गव्हाचा एकच थर, दाण्याला दाणा लागेल पण दाण्यावर दाणा चढणार नाही असा. वरून ओलं वर्तमानपत्र दोन-तीन दिवस, मग काढून टाका. पाणी सकाळी, फवाऱ्याने. संध्याकाळी अजिबात नको, रात्रभर ओल राहते.

ऊन नसलं तरी चालतं, उजेड हवा. खिडकीशी ठेवून ताटली रोज फिरवा, नाहीतर सगळी रोपं एकाच बाजूला झुकतात.

तारखेचं बघा. वसईत १३-१४ डिसेंबरला पेरलेला गहू नाताळाला छान वीतभर होतो. पुण्यात रात्री पारा बारा अंशांखाली उतरतो, इथे वाढ सावकाश. ११ ला पेरा. आणि एक ताटली १३ लाही पेरून ठेवा, एक बिघडली तर दुसरी हाताशी राहते.

---

पेठेतला | ३ डिसेंबर

गोणपाट चिखलात बुडवून डोंगर, हे वाचलं आणि थांबलो. अहो, हा तर आमचा दिवाळीचा किल्ला! आम्ही लहानपणापासून अगदी असंच करतो. खाली विटा, डबे, खोकी, वरून चिखलात बुडवलेलं गोणपाट, आणि त्यावर अळीव नाहीतर मोहरी.

तुमच्या डोंगरावर अळीव पेरा. गहू उतारावर टिकत नाही, घरंगळतो. अळीव भिजला की बुळबुळीत होतो आणि जिथे लावाल तिथे चिकटून बसतो, उभ्या कड्यावरसुद्धा. तासभर भिजवून चमच्याने ओल्या गोणपाटावर पसरा, दिवसातून दोनदा फवारा. चार-पाच दिवसांत बारीक हिरवळ येते, थंडी असेल तर आठवडा धरा. १७ तारखेला लावलात तर चोवीसला ऐन रंगात असेल. फक्त टेबलावर आधी जाड प्लास्टिक अंथरा आणि त्याच्या कडा वर दुमडा, पाणी ओघळतंच.

पेंढा: कुंभाराकडे विचारा. मडकी, पणत्या पेंढ्यात बांधून येतात, उरलेला ते सहज देतात. नाहीच मिळाला तर कडबा चिरून घ्या. जाड असतो, पण छपराला बरा दिसतो. लाइटच्या माळा बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, आणि सुतळी, तार, गोणपाट वगैरे बोहरी आळीत. रविवारी जाऊ नका.

किल्ला करायला दोन हात जास्तीचे हवे असतील तर सांगा. माझा मुलगा आठवीत आहे, डोंगर करण्यात पटाईत आहे.

---

कुपारीण_पुण्यात | ३ डिसेंबर

पेठेतले दादा, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिला किल्ल्याचं ठाऊकच नव्हतं. दोनदा वाचायला लावलं. अळीव तिच्या ओळखीचा तो बाळंतिणीच्या लाडवांचा, डोंगरावरचा नाही. मुलाला नक्की घेऊन या, मनापासून सांगते.

---

सांभाळणारी | ४ डिसेंबर

माझ्या सासूबाईही वॉकरवर आहेत, म्हणून सजावटीआधीच्या दोन गोष्टी सांगते. फरशीवर एकही वायर नको. एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या मागे, भिंतीच्या कडेने, चिकटपट्टीने दाबून. पायपुसणंही काढून ठेवा. आणि टेबलाखाली सामान भरू नका, आईंची खुर्ची पुढे सरकून गुडघे आत गेले पाहिजेत.

उंचीचं आम्ही मोजून पाहिलं होतं. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून ११०-१२० सेंटीमीटरवर येतात. जेवणाचं टेबल ७५ चं असतं, म्हणजे वीतभर मूर्ती किंचित वरून दिसतील, छान दिसतील. गव्हाण टेबलाच्या पुढच्या कडेजवळ ठेवा, मध्यभागी नको. पुढे न झुकता हात पोचायला हवा. डोंगर मागे, तो लांब असला तरी चालतो.

---

बांद्रेकरीण | ४ डिसेंबर

शोकेससारखा दिसतो कारण टेबलाची कड दिसते! गोणपाट कडेवरून खाली, पार जमिनीच्या वीतभर वरपर्यंत सोडा. मधला भाग गुडघ्यांसाठी पडद्यासारखा उचलता येईल असा ठेवा. डोंगर टेबलावर संपला नाही की गोठा जमिनीतून वर आल्यासारखा वाटतो. आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो.

माळ एकच घ्या, पिवळसर उजेडाची, न लुकलुकणारी. लुकलुकणाऱ्या माळेत मूर्तींचे चेहरे दिसतच नाहीत. एक लहान दिवा छपराच्या आतून, गव्हाणीवर पडेल असा. आणि पेंढ्याजवळ खरी मेणबत्ती कधीही नको, बॅटरीची वापरा. कोरडा पेंढा क्षणात पेटतो.

राजांना लगेच गोठ्यात आणू नका. आमच्याकडे ते पुस्तकांच्या कपाटावरून निघतात, रोज थोडे पुढे, आणि ६ जानेवारीला पोचतात. आईंना रोज हलवायला एक काम होईल.

तारा घरीच करा. बांबूच्या कामट्यांच्या दोन पंचकोनी चांदण्या, पाठीला पाठ लावून टोकं बांधायची आणि आतल्या पाच कोपऱ्यांत बोटभर काड्या अडकवायच्या म्हणजे पोट फुगतं. वर पतंगाचा कागद. खिळा कशाला, गॅलरीच्या ग्रिलला किंवा कपडे वाळत घालायच्या दांडीला केबल टायने बांधा. आत पाच वॅटचा एलईडी बल्ब पुरतो. पूर्वीचे साठचे बल्ब कागद करपवायचे.

---

हॅम्बुर्गकर | ५ डिसेंबर

झाडाबद्दल: नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतं ते अरोकेरिया. कुंडीत वर्षानुवर्षं राहतं, सावकाश वाढतं, उत्तरेकडच्या गॅलरीत तग धरेल. फांद्या मऊ असतात, काचेचे जड गोळे लटकवू नका, कागदी चांदण्या पुरे. शेंड्यावर तर काहीच बांधू नका. शेंडा मोडला की झाडाचा आकार गेला.

मी राहतो त्या हॅम्बुर्गची (जर्मनी) एक गोष्ट, तुम्हाला आवडेल म्हणून. आगमनकाळाचं (नाताळाआधीच्या चार रविवारांचं) मेणबत्त्यांचं चक्र इथलंच. १८३९ मध्ये योहान हिनरिश विखर्न या पाद्रींनी त्यांच्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी बैलगाडीसारख्या लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या लहान लाल. नाताळ किती दिवसांवर आला ते पोरांना मोजता यावं म्हणून. घरात बसून दिवस मोजणाऱ्या माणसाला ते चक्र खरंच सोबत करतं. तुम्ही चारच लावा, दर रविवारी एक: ताटलीत चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी, भोवती पालवी. गुलाबी तिसऱ्या रविवारी.

---

कुपारीण_पुण्यात | ५ डिसेंबर

चक्र आजच केलं, पहिली मेणबत्ती उशिरा का होईना पेटवली. आईने स्वतः.

फादर लहानपणी सांगायचे की पहिला गोठा असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चोला केला, खऱ्या गाय-गाढवासकट, खऱ्या गवतावर. तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं. आता पेंढा शोधत फिरताना रोज आठवतं.

---

कुपारीण_पुण्यात | २१ डिसेंबर

सगळ्यांना कळवायचं राहून जात होतं, घरात इतकी गडबड होती.

योसेफाचा हात जमला. मूठच केली, त्यात झाडूची काडी काठी म्हणून दिली. दोन फुटांवरून जोड कळत नाही. पेठेतल्या दादांचा मुलगा दोन रविवार येऊन गेला. डबे रचून, गोणपाट ताणून असा डोंगर केलाय की त्यात गुहासुद्धा आहे. मेंढपाळ तिथेच बसवलाय. अळीव चार दिवसांत फुटला, पण खालच्या उतारावर. वरच्या कड्यावरचा सुकला, तिथे फवारा पोचत नव्हता. तिथे मग कुंडीतलं शेवाळ लावलं. तारा ग्रिलला, लाल आणि पांढरा. शेजारच्या काकू विचारून गेल्या की कागद कुठून आणला.

काल आई खुर्ची घेऊन बसली. गुडघे नीट आत गेले. सगळ्यात आधी तिने गाय उचलून डावीकडे ठेवली, गाढव उजवीकडे, दोघांची तोंडं गव्हाणीकडे. म्हणाली, "श्वासाने बाळाला ऊब द्यायची असते त्यांनी, पाठ करून कशी देतील?" मग बराच वेळ पेंढ्याच्या काड्या सारख्या करत राहिली. बाळयेशू अजून फडक्यात आहे, तिच्या उशाशी ठेवलेल्या डब्यात. तिने हात पुढे करून बघितला, गव्हाणीपर्यंत सहज पोचतो.

एकच अडचण. ११ चा गहू वीतभर झालाय आणि मध्येच लोळायला लागलाय. बुरशी नाही, रंग सुंदर आहे. १३ चा अजून बुटका आहे. काय करू?

---

कुंडीवाली | २१ डिसेंबर

११ च्या गव्हाची आजच दोन बोटं वरून कापा, धारदार कात्रीने, एका दमात. नंतर मध्यावर लाल फीत बांधा, सैल, म्हणजे उभा राहील. कापलेली टोकं जवळून बोथट दिसतात, म्हणून ती ताटली मागे डोंगराच्या पायथ्याशी ठेवा. १३ चा न कापता पुढे, आईंच्या हाताजवळ. चोवीसपर्यंत तो बरोबर गव्हाणीच्या उंचीला येईल. पाणी सकाळीच.