गाळातले पाणी आधी मोजावे
वरळी, धारावी, घाटकोपर येथील सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतल्या गाळाला सूक्ष्मलहरींनी (मायक्रोवेव्हने) तापवून थेट डिझेल मिळेल, असे म्हटले जाते; त्यात थोडी भर घालतो. यंत्राने पिळलेल्या गाळातही साधारण ८० टक्के पाणी उरते आणि एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल ऊर्जा लागते, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात, जिथे पापडही वाळत नाहीत, खरा खर्च वाळवण्याचाच आहे. शिवाय कोरडा गाळ सूक्ष्मलहरी फारशा शोषत नाही, म्हणून त्यात त्या लहरी शोषणारी कोळशाची पूड मिसळतात. झिओलाइट या सच्छिद्र खनिजासारखा उत्प्रेरक (रासायनिक क्रियेला चालना देणारा पदार्थ) गाळ तापवून निघालेल्या तेलातला ऑक्सिजन कमी करतो. मात्र प्रथिनांतून आलेला नायट्रोजन बराचसा तेलात राहतो, आणि असे तेल शुद्धीकरणाशिवाय इंजिनात घालता येत नाही. पारा वगळता गाळातले बहुतेक जड धातू तेल निघाल्यावर उरलेल्या कोळशात अडकतात.